टीएमएसच्या खुर्चीशेजारी: मानसोपचाराच्या निवासी डॉक्टरांसाठी

टीएमएस, म्हणजे ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, हा नैराश्यावरचा चुंबकीय उपचार शिकायला आलेल्या निवासी डॉक्टरचं लक्ष सगळ्यात आधी यंत्राच्या पडद्यावर जातं. किती हर्ट्झ (सेकंदाला किती वेळा), किती पल्स (चुंबकीय झटके), किती मिनिटं. हे आकडे अर्ध्या तासात पाठ होतात. पेशंटला गुण येणार की नाही, हे मात्र बरंचसं दुसरीकडे ठरतं: पेशंट योग्य निवडला का, अंगठ्याची हालचाल नीट पाहून थ्रेशोल्ड (अंगठा हलवणारी कमीत कमी ताकद) मोजला का, आणि कॉइल (डोक्याला टेकवायची तारेची गुंडाळी) रोज त्याच जागी, त्याच कोनात टेकते का. सहा आठवड्यांनी केसपेपरवर ‘उपयोग नाही’ असं लिहायची वेळ येते, तेव्हा चूक बऱ्याचदा पहिल्याच दिवशी झालेली असते. म्हणून इथे पहिल्या दिवसाला सगळ्यात जास्त जागा दिली आहे.

कॉइलमध्ये काय घडतं

यंत्रातला कपॅसिटर चार्ज होतो आणि क्षणार्धात कॉइलच्या तारेतून रिकामा होतो. हजारो अँपिअरचा हा प्रवाह २०० ते ३०० मायक्रोसेकंद टिकतो. त्यामुळे कॉइलच्या पृष्ठभागाशी साधारण १.५ ते २ टेस्लाचं चुंबकीय क्षेत्र उभं राहतं आणि तितक्याच झपाट्याने विरतं. बदलतं चुंबकीय क्षेत्र जवळच्या वाहकात वीजप्रवाह निर्माण करतं, हे फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं होतं. इथे तो वाहक म्हणजे मेंदूचा कॉर्टेक्स, म्हणजे बाहेरचा थर. १९८५ मध्ये शेफील्डला अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्याबाहेर धरलेल्या कॉइलने मोटर कॉर्टेक्स (हालचाली घडवणारा भाग) उत्तेजित करून हाताचे स्नायू हलवून दाखवले. आजची उपचारपद्धती तिथून सुरू झाली.

एमआरआयच्या चुंबकाची ताकदही याच टप्प्यातली असते, पण तिथलं मुख्य क्षेत्र स्थिर असतं. इथे ते झटक्यात चढतं आणि उतरतं, आणि परिणाम होतो तो या बदलाच्या वेगाचा. पेशंट आणि नातेवाईक याबद्दल हमखास विचारतात, त्यामुळे हा फरक साध्या शब्दांत सांगता आला पाहिजे.

कवटी विजेला अडवते, चुंबकीय क्षेत्राला जवळजवळ अजिबात अडवत नाही. म्हणून भूल लागत नाही, पेशंट जागा असतो आणि परिणाम मेंदूच्या छोट्या भागापुरता राहतो. पण हे क्षेत्र अंतराबरोबर फार भराभर कमी होतं. आठच्या आकड्यासारख्या कॉइलचा परिणाम पृष्ठभागापासून जेमतेम २ सेंटिमीटर खोलवर पोचतो, आणि त्यातलं बरंचसं अंतर केस, कातडी, कवटी आणि द्रव यांतच खर्च होतं. कॉइल आणि डोक्यामध्ये चार-पाच मिलिमीटरची फट राहिली, तरी मेंदूपर्यंत पोचणारा डोस घसरतो. एच-कॉइल हा कॉइलचा दुसरा प्रकार जास्त खोल जातो, पण त्याचा परिणाम पसरटही होतो. खोली आणि नेमकेपणा दोन्ही एकाच कॉइलमध्ये मिळत नाहीत.

पेशंट निवडताना

‘उपचारांना दाद न देणारं नैराश्य’ याची रूढ व्याख्या अशी: सध्याच्या आजारपणात किमान दोन अँटिडिप्रेसंट, पुरेशा डोसमध्ये, पुरेसे दिवस घेऊनही अपेक्षित सुधारणा नाही. ‘पुरेसे’ या शब्दावर इथे सगळं अवलंबून आहे. फाईलवर पाच गोळ्यांची नावं दिसतात. विचारलं की कळतं, एक दहा दिवसांत मळमळ झाली म्हणून बंद केली, दुसरी सुरुवातीच्या डोसवरच वर्षभर चालू राहिली. प्रत्येक औषधासमोर जास्तीत जास्त डोस, त्या डोसवर घालवलेले आठवडे आणि बंद करण्याचं कारण असे तीन रकाने भरा. सहा आठवड्यांच्या आसपासचा काळ आणि किमान परिणामकारक डोस, हे दोन्ही जमले नसतील तर ती ट्रायल मोजू नका.

याच बैठकीत थायरॉईड, दारू आणि पूर्वी कधी उन्मादाचे दिवस येऊन गेले का, हे तपासा. बायपोलर निदान निसटलेलं असेल तर पुढची सगळी गणितं बदलतात.

स्टार-डी या मोठ्या अभ्यासात पहिल्या औषधाने साधारण एक तृतीयांश लोक पूर्ण बरे झाले. तिसऱ्या आणि चौथ्या पायरीला हे प्रमाण १३ ते १४ टक्क्यांच्या घरात आलं. टीएमएसचा विचार याच टप्प्यावर करायचा असतो, दहावं औषध वाया गेल्यावर नव्हे. नेहमीच्या क्लिनिकमधल्या निरीक्षणांत निम्म्याच्या आसपास पेशंटची लक्षणं निम्म्यावर येतात आणि साधारण एक तृतीयांश पेशंट पूर्ण बरे होतात. खोट्या उपचाराशी तुलना केलेल्या चाचण्यांत आकडे याहून कमी आहेत. पेशंटला दोन्ही सांगा. जास्त आशा दाखवून आणलेला पेशंट दुसऱ्या आठवड्यात हमखास खचतो.

काही ठिकाणी टीएमएसकडे वळूच नये. सायकोटिक डिप्रेशन (भ्रम-भास असलेलं नैराश्य), कॅटॅटोनिया (पेशंट निश्चल, अबोल होणं), अन्नपाणी सोडलेला पेशंट, आत्महत्येचा तातडीचा धोका: इथे ईसीटीच (भूल देऊन मेंदूला विजेचा झटका देण्याचा उपचार). टीएमएसचा परिणाम दिसायला आठवडे लागतात, आणि या पेशंटकडे तेवढा वेळ नसतो. टीएमएस सोपं आणि सौम्य वाटतं म्हणून कुटुंब त्याचाच आग्रह धरतं. तिथे ठाम राहणं ही तुमची जबाबदारी आहे.

धातूची आणि फिटची चौकशी

ही यादी छापील असावी, पेशंटसमोर बसून एकेक प्रश्न विचारत भरावी आणि खाली सही असावी. तोंडी ‘डोक्यात काही धातू नाही ना?’ एवढं विचारून भागत नाही. कॉक्लिअर इम्प्लांट, डोक्यातल्या रक्तवाहिनीत बसवलेली चुंबकीय धातूची क्लिप किंवा कॉइल, मेंदूत बसवलेले इलेक्ट्रोड, डोळ्यात किंवा कवटीत राहिलेले धातूचे कण: यांपैकी काहीही असेल तर उपचार करायचा नाही. सर्वसाधारण नियम असा की कॉइलपासून ३० सेंटिमीटरच्या आत चुंबकाला प्रतिसाद देणारा किंवा विजेवर चालणारा इम्प्लांट नको. पेसमेकर आणि व्हेगस नर्व्ह स्टिम्युलेटर यांबाबत उत्पादकाची सूचना आणि हृदयरोगतज्ज्ञांचं मत घेतल्याशिवाय पाऊल टाकू नका. दातांत भरलेली चांदी किंवा सिमेंट चालतं. वेल्डिंग किंवा लेथवर काम केलेल्या माणसाला डोळ्यात कधी कीस गेला होता का, हे वेगळं विचारावं लागतं. तो आपणहून सांगत नाही.

फिटच्या धोक्यासाठी आधीची फिट, डोक्याला मोठी इजा, पक्षाघात, मेंदूतली गाठ आणि घरात कुणाला अपस्मार, हे विचारा. औषधांत बुप्रोपिऑन, क्लोझापिन आणि ट्रायसायक्लिक यांवर खूण करा. ही औषधं चालू असली म्हणून टीएमएस आपोआप बाद होत नाही, पण डोस मध्येच वाढवला तर ते तुम्हाला कळायला हवं. याहून जास्त लक्ष ठेवा ते अचानक बंद केलेल्या गोष्टींवर: रोजची दारू सुटलेली असणं, किंवा वर्षानुवर्षं चालू असलेली झोपेची गोळी ‘टीएमएस सुरू होतंय म्हणून’ स्वतःच थांबवलेली असणं. अशा पेशंटला त्या आठवड्यात खुर्चीत बसवू नका.

मोटर थ्रेशोल्ड: पहिल्या दिवसाचं खरं काम

औषधाचा डोस मिलिग्रॅममध्ये असतो. टीएमएसचा डोस प्रत्येक मेंदूसाठी वेगळा मोजावा लागतो, आणि तो मोजायचं साधन म्हणजे हाताचा अंगठा. हाताचा स्नायू शिथिल असताना १० पैकी ५ पल्सना प्रतिसाद देणारी कमीत कमी तीव्रता म्हणजे विश्रांतीतला मोटर थ्रेशोल्ड. ईएमजी (स्नायूतली वीज मोजणारं यंत्र) असेल तर प्रतिसाद म्हणजे किमान ५० मायक्रोव्होल्टची लहर. नसेल तर डोळ्यांना दिसणारी हालचाल. डोळ्यांनी मोजलेला थ्रेशोल्ड ईएमजीपेक्षा सहसा जास्त येतो, म्हणजे डोसही जास्त जातो. शिकताना तरी ईएमजी लावून दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा.

१. पेशंटच्या आणि स्वतःच्या कानात इअरप्लग. कॉइलचा टकटकाट १०० डेसिबलच्या वर जातो. पेशंटचे झुमके, पिना, चष्मा, श्रवणयंत्र काढून ठेवा. मोबाइल आणि कार्डं दूर ठेवा.

२. डोक्याचा मध्यबिंदू काढा. नाकाच्या मुळाशी दोन डोळ्यांमधला खळगा ते मानेच्या वर हाताला लागणारा हाडाचा उंचवटा हे अंतर मोजा. मग एका कानापुढच्या छोट्या उंचवट्यापासून डोक्यावरून दुसऱ्या कानापुढच्या उंचवट्यापर्यंत मोजा. पहिलं अंतर ३६ सेंटिमीटर असेल तर १८ वर खूण, आणि दोन्ही मध्यखुणा जिथे छेदतात तो मध्यबिंदू. घट्ट टोपी घालून त्यावर खुणा करणार असाल तर ती भुवयांपासून किती अंतरावर बसवली, हे आत्ताच लिहा.

३. उपचार डाव्या बाजूला असेल तर उजवा हात पेशंटच्या मांडीवरच्या उशीवर सैल ठेवा, तळवा थोडा वर, अंगठा मोकळा. बाही कोपरापर्यंत वर करा.

४. मध्यबिंदूपासून डाव्या कानाकडे साधारण ५ सेंटिमीटर जा आणि किंचित पुढे या. कॉइलचा मधला भाग तिथे सपाट टेकवा. मूठ मागच्या बाजूला, मध्यरेषेशी ४५ अंशांचा कोन करून.

५. यंत्राच्या कमाल ताकदीच्या ४० ते ५० टक्क्यांवर एकेक पल्स द्या. दोन पल्समध्ये किमान ५ सेकंद जाऊ द्या, आणि ठेका धरू नका. पेशंटला पुढची पल्स कधी येणार हे कळलं की हात आपोआप ताठरतो. हालचाल दिसत नसेल तर ५ टक्क्यांनी चढा.

६. हालचाल दिसली की तीव्रता तीच ठेवून कॉइल अर्धा-अर्धा सेंटिमीटर पुढे, मागे, आत, बाहेर सरकवा. अंगठा एकटा आणि सगळ्यात ठळक जिथे हलतो तो हॉटस्पॉट. मनगट किंवा पूर्ण हात उडत असेल तर तो हॉटस्पॉट नाही.

७. आता तीव्रता २ टक्क्यांनी, मग १ टक्क्याने उतरवत १० पैकी ५ पर्यंत या. पल्स देणारा एक आणि हाताकडे पाहून ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणणारा दुसरा असा वाटा करा. एकट्याने दोन्ही करताना नजर कॉइलकडे जाते आणि बारीक हालचाल निसटते.

चूक कुठे होते ते नीट पाहू. समजा, खरा थ्रेशोल्ड ४८ टक्के आहे. १२० टक्क्यांनी उपचाराची तीव्रता ५८ येते. तुम्ही हॉटस्पॉट एक सेंटिमीटरने चुकलात. तिथून अंगठा हलवायला ५८ टक्के ताकद लागली. तुमच्या कागदावर थ्रेशोल्ड ५८, उपचार ७०. पेशंटला रोज गरजेपेक्षा बराच जास्त डोस जातो: डोकं दुखतं, दात आवळले जातात, फिटचा धोका वाढतो, आणि पेशंट आठवड्यात पळून जातो. उलटही घडतं. पेशंट ताणलेला आहे, मूठ किंचित वळलेली आहे. आकुंचन पावलेला स्नायू कमी ताकदीला प्रतिसाद देतो. थ्रेशोल्ड ४० दिसतो, उपचार ४८ वर होतो. त्याला काहीच त्रास होत नाही, सगळे खूश असतात, आणि महिनाभर अपुरा डोस जातो. ही दुसरी चूक जास्त घातक, कारण ती कुणाच्या लक्षातच येत नाही.

म्हणून आकडा कमी आला की एकदा हाताला हात लावून पाहा. करंगळीखालचा मांसल भागही मऊ लागला पाहिजे. आकडा जास्त आला की कॉइलची कड उचललेली आहे का, खाली आंबाडा किंवा जाड वेणी आली आहे का, हे बघा. कार्बामाझेपिन, फेनिटोइन, लॅमोट्रिजिन अशा औषधांनी थ्रेशोल्ड खरोखरच चढतो, तो दोष तुमचा नाही. आणि थ्रेशोल्ड खरंच ८५ असेल, तर १२० टक्के म्हणजे १०२. यंत्र तेवढं देऊच शकत नाही. अशा वेळी हॉटस्पॉट पुन्हा शोधा, मग जमेल तेवढी तीव्रता ठरवून ती किती टक्के झाली हे स्पष्ट लिहा.

औषध बदललं, डोस बदलला, झोप बिघडली की थ्रेशोल्ड पुन्हा मोजा. काहीच बदललं नसेल तरी आठवड्यातून एकदा मोजणं चांगलं.

हात बसवण्यासाठी आमचा आग्रह एका क्रमाचा आहे. आधी स्वतःच्या मनगटाच्या वर कमी ताकदीची एक पल्स घ्या. बोटं उडतात तेव्हा आपण पेशंटला काय देतोय हे अंगाला कळतं. त्याआधी धातूची आणि फिटची चौकशी तुमचीही झाली पाहिजे, पेशंटची होते तशीच. मग सहकाऱ्यांच्या डोक्यांवर नुसत्या टेपने मापं घ्या, यंत्र बंद ठेवून. दोघांनी स्वतंत्र घेतलेली मापं अर्ध्या सेंटिमीटरच्या आत जुळू लागेपर्यंत हे करत राहा. त्यानंतर अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली थ्रेशोल्ड.

जागा कशी ठरवायची

लक्ष्य आहे डावा डॉर्सोलॅटरल प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागातली डाव्या बाजूची एक जागा. जुनी रीत म्हणजे हॉटस्पॉटपासून सरळ ५ सेंटिमीटर पुढे. मोजायला सोपी, पण डोकी लहान-मोठी असतात. मोठ्या डोक्यात ५ सेंटिमीटरवर कॉइल फार मागे, प्रीमोटर भागावरच राहते. या नियमावर थांबू नका.

बीम-एफ३ ही पद्धत जास्त भरवशाची आहे आणि तिला एका टेपशिवाय काही लागत नाही. तीन मापं घ्यायची: नाकाच्या मुळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत, कानापासून कानापर्यंत, आणि भुवयांच्या वरून डोक्याचा घेर. ही मापं त्यासाठीच्या मोफत प्रोग्रॅममध्ये घातली की दोन आकडे मिळतात. पहिला, कपाळाच्या मध्यरेषेपासून घेरावर डावीकडे किती जायचं. दुसरा, मध्यबिंदूपासून त्या खुणेच्या दिशेने किती यायचं. तिथे एफ३, म्हणजे या लक्ष्याच्या वरची डोक्यावरची खूण. टेप केसांवर सैल ठेवला की घेर सेंटिमीटरभर फुगतो, त्यामुळे केस दाबून मोजा, प्रत्येक माप दोनदा.

एमआरआयवर आधारित न्यूरोनॅव्हिगेशन असेल तर कॉइलची जागा आणि कोन पडद्यावर दिसतो, आणि रोज तीच जागा पकडणं सोपं होतं. पण ते आहे म्हणून टेपने मोजायचं शिकणं सोडू नका. कॉइलचा माग ठेवणाऱ्या कॅमेऱ्याची नोंदणी चुकली की पडद्यावर सगळं ठीक दिसतं आणि कॉइल बोटभर बाजूला असते. टेपने मोजलेली खूण ही चूक लगेच उघडी पाडते.

प्रोटोकॉल

१० हर्ट्झ, डावी बाजू: ४ सेकंदांत ४० पल्स, मग २६ सेकंद विश्रांती, असे ७५ वेळा. एकूण ३,००० पल्स, ३७.५ मिनिटं, थ्रेशोल्डच्या १२० टक्क्यांवर. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि उपकरणांना परवानगी देणारी संस्था) २००८ मध्ये नैराश्यासाठी पहिली परवानगी दिली ती या पद्धतीला. विश्रांती ११ सेकंदांवर आणली की तेच काम पावणेएकोणीस मिनिटांत होतं.

इंटरमिटंट थीटा बर्स्ट: ५० हर्ट्झने ३ पल्सचा झुपका, असे सेकंदाला ५ झुपके. २ सेकंद चालू, ८ सेकंद बंद, २० वेळा. एकूण ६०० पल्स आणि वेळ सुमारे ३ मिनिटं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या थ्री-डी चाचणीत ४१४ पेशंटवर ही पद्धत ३७.५ मिनिटांच्या पद्धतीपेक्षा कमी ठरली नाही, आणि त्याच वर्षी तिला एफडीएची परवानगी मिळाली. वेळ वाचतो हे खरं, पण ३ मिनिटांच्या सेशनमध्ये कॉइल एक मिनिट सरकलेली राहिली तर एक तृतीयांश डोस वाया जातो. छोट्या सेशनला जास्त सावध हात लागतो.

उजव्या बाजूला १ हर्ट्झ: संथ, सलग पल्स. फिटचा धोका कमी आणि पेशंटला सहन व्हायला सोपी, म्हणून डावी बाजू झेपत नसेल तर हा पर्याय हाताशी ठेवा.

वेगवान पद्धतींमध्ये स्टॅनफर्डची सेंट पद्धत सध्या सगळ्यांच्या तोंडी आहे: दिवसाला १० सेशन, प्रत्येकी १,८०० पल्स, मध्ये ५० मिनिटं, असे ५ दिवस, म्हणजे एकूण ९०,००० पल्स. एफडीएची परवानगी २०२२ मधली. नियंत्रित चाचणीचे निकाल फारच चांगले होते, पण तिच्यात २९ जण होते. तिथलं लक्ष्य प्रत्येकाच्या एमआरआयवरून वेगळं ठरवलेलं होतं, हेही लक्षात घ्या. नुसती सेशनची संख्या वाढवून टेपने मोजलेल्या जागी ‘तसंच’ करणं म्हणजे ती पद्धत नव्हे.

पहिलं सेशन

पेशंटला आधीच सांगा: डोक्यावर कुणी पेन्सिलने भराभर टोचतंय असं वाटेल, भुवई आणि पापणी उडेल, कधी वरचे दात झिणझिणतील. तीव्रता एकदम १२० टक्क्यांवर नेऊ नका. थ्रेशोल्डच्या ८० टक्क्यांपासून सुरुवात करून पहिल्या आठवड्यात चढवत न्या. कातडी तीन-चार दिवसांत सरावते. दुखणं असह्य असेल तर कॉइल जागेवरच काही अंशांनी फिरवा. चेहऱ्याची नस वाचते आणि लक्ष्य हलत नाही. कॉइल पुढे किंवा मागे सरकवून दुखणं कमी केलंत, तर जागाच सोडलीत. सेशननंतरच्या डोकेदुखीला पॅरासिटामॉल पुरतं.

पहिल्या ट्रेनला (सलग पल्सच्या पहिल्या मालिकेला) तुमची नजर पेशंटच्या उजव्या हातावर हवी. बोटं तालात उडू लागली तर कॉइल मागे मोटर भागाकडे सरकलेली आहे, किंवा उत्तेजना तिकडे पसरते आहे. थांबा, कॉइल काढा, जागा तपासा. ही खूण फिटच्या आधी मिळणाऱ्या मोजक्या इशाऱ्यांपैकी आहे. म्हणूनच उपचार चालू असताना पेशंटचा हात पांघरुणाखाली जाऊ द्यायचा नाही.

रोजचं काम

पेशंट खुर्चीत बसण्याआधी पाच प्रश्न: काल किती तास झोप? दारू? गोळी नवी, बंद किंवा चुकलेली? काल सेशननंतर काय झालं? जगणं नकोसं वाटण्याचे विचार? सेशन तंत्रज्ञ देत असला तरी यातल्या कोणत्याही विचित्र उत्तरावर डॉक्टरला फोन गेला पाहिजे, आणि तो फोन उचलणारे तुम्ही असता. रात्रभर जागलेल्या पेशंटचं सेशन पुढे ढकलण्यात काही कमीपणा नाही.

झोप दोन-तीन तासांवर आली आणि तरी पेशंट ताजातवाना, बोलका, उत्साही दिसू लागला, तर ‘गुण आला’ म्हणून खूश होण्याआधी उन्मादाची चौकशी करा.

सेशन मध्येच थांबलं तर किती पल्स झाल्या ते लिहा आणि तिथूनच पुढे चालू करा. कॉइल तापून यंत्र थांबलं तर थंड होऊ द्या. घाईत दुसरी कॉइल जोडली तर तिच्यासाठी थ्रेशोल्ड वेगळा मोजावा लागतो. पेशंटला डुलकी लागली की मान कलते आणि कॉइल सुटते, म्हणून त्याला जागं ठेवा. बेंझोडायझेपिन नियमित घेणाऱ्यांमध्ये परिणाम कमी दिसतो असं निरीक्षणांतून पुढे आलं आहे. ती हळूहळू कमी करता येतील का, हे कोर्स सुरू व्हायच्या आधी पाहायचं असतं, मध्येच नव्हे.

भोवळ आणि फिट

पहिल्या सेशनला पेशंट फिकट पडला, घाम फुटला, ‘कसंतरी होतंय’ म्हणाला, तर बहुतेक वेळा ती भोवळ असते. फिटपेक्षा ती कितीतरी जास्त वेळा येते. पल्स थांबवा, खुर्ची आडवी करा, पाय वर घ्या. सेशनच्या आधी पेशंटने काही खाल्लं आहे ना, हे विचारायचं कारण तेच.

फिटचं प्रमाण नेहमीच्या पद्धतींमध्ये हजार पेशंटमागे एकापेक्षाही कमी आहे, पण खोलीतल्या प्रत्येकाला क्रम पाठ असलाच पाहिजे. आधी कॉइल डोक्यापासून दूर, मग यंत्र बंद. पेशंटला कुशीवर वळवा, आजूबाजूचं कडक सामान हलवा, हातपाय दाबून धरू नका, तोंडात काहीही घालू नका. घड्याळ बघा. टीएमएसमधली फिट सहसा मिनिटाच्या आत आपोआप थांबते. ५ मिनिटांच्या पुढे गेली तर बेंझोडायझेपिन आणि तातडीची मदत. नंतर शुद्ध पूर्ण येईपर्यंत शेजारी बसा, कारण शोधा आणि न्यूरॉलॉजिस्टचं मत घ्या. महिन्यातून एकदा हा क्रम रिकाम्या खुर्चीवर खरोखर करून पाहा. ऑक्सिजन, सक्शन आणि औषधाचा ट्रे कुठे आहे, हे त्या वेळी शोधायचं नसतं.

मोजत राहणं

सुरुवातीला आणि दर आठवड्याला एकच प्रमाणित मापन वापरा: हॅम-डी, माड्रस किंवा पीएचक्यू-९. ५० टक्के उतार म्हणजे प्रतिसाद. पूर्ण बरं होण्याची रेषा १७ प्रश्नांच्या हॅम-डीवर ७ किंवा कमी, पीएचक्यू-९ वर ५ पेक्षा कमी. पेशंटला स्वतःला फरक जाणवण्याआधी घरच्यांना जाणवतो. ‘परवा स्वतःहून अंघोळ केली’ हे वाक्य आकड्याच्या शेजारी लिहून ठेवा.

आठवड्याला ५ या वेगाने २० ते ३० सेशन, म्हणजे ४ ते ६ आठवडे. दोन आठवड्यांत काहीच हललं नाही म्हणून थांबवू नका. बऱ्याच जणांना चौथ्या आठवड्यानंतर गुण येतो. २० सेशननंतरही आकडा जागचा हलला नसेल तर आधी थ्रेशोल्ड, जागा आणि रोजच्या नोंदी तपासा, मग बाजू किंवा प्रोटोकॉल बदलण्याचा विचार करा. ३० सेशननंतर बंद करताना तीन आठवड्यांत ३, २, १ असं कमी करत नेण्याची रीत आहे. चालू अँटिडिप्रेसंट बंद करायचं नाही, आणि आजार उलटू लागल्याची चिन्हं कोणती हे पेशंटला आणि घरच्यांना लिहून द्या.

शेवटच्या कागदावर हे असावं: यंत्र आणि कॉइलचा प्रकार, थ्रेशोल्ड कसा मोजला आणि प्रत्येक वेळी किती आला, डोक्याची तिन्ही मापं आणि एफ३ ची जागा, कॉइलचा कोन, प्रोटोकॉल, खरोखर दिलेली तीव्रता, झालेली सेशन, चुकलेले दिवस, आठवड्यागणिक आकडे, आणि कोर्समध्ये बदललेली औषधं. एकदा गुण आलेल्या पेशंटचा आजार उलटला तर दुसऱ्या कोर्सलाही तो चांगली साथ देण्याची शक्यता असते, आणि तेव्हा हा कागद दुसऱ्याच कुणाच्या हातात असेल. त्याने जागा आणि कोन यावरून घ्यावा; थ्रेशोल्ड मात्र नव्याने मोजावा, कारण मधल्या काळात औषधं बदललेली असतात.